ड्रायर घेऊ, पण पाणी जाणार कुठे?



वर्षावासात आपल्या विहारांत ग्रंथवाचन सुरू असते. पौर्णिमेला उपासिका पांढरी साडी नेसून येतात, मुले पांढरा सदरा घालून पुढे बसतात. आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा या तीन महिन्यांत पांढऱ्या कपड्यांची गरज सर्वांत जास्त, आणि नेमके याच तीन महिन्यांत कपडे वाळत नाहीत. गेल्या वर्षी एका पौर्णिमेला वंदना संपल्यावर शेजारी बसलेल्या मावशी पदराचा वास घेत हळूच म्हणाल्या, "काल सकाळी धुतलीया, तरी कुबट येतंय. लोकं म्हणतील, हिनं धुतलीच नाय."

मावशींचे हे बोलणे आमच्या मनातून गेले नाही. कारण महिन्याभरापूर्वीच वस्तीतला एक मुलगा शाळेतून रडत आला होता. त्याच्याकडे गणवेशाचा एकच जोड. आई रात्री धुऊन पंख्याखाली टाकते, सकाळी दमटच अंगावर चढतो, अंगाच्या उबेने त्याचा वास सुटतो. वर्गात त्याला सगळ्यांसमोर विचारले गेले, "घरी अंघोळ करत नाहीत का रे तुम्ही?" 'तुम्ही' म्हणजे कोण, हे त्या मुलाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आईने घासून घासून धुतलेला गणवेश होता तो.

म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर ओल्या कपड्यांबद्दल लिहितो आहोत. आणि ड्रायरबद्दलही, कारण आम्ही तो विकत घेऊन बसलो आहोत.

बेल्हे तसे पावसाचे गाव नव्हे. आपल्या जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला, माळशेज आणि नाणेघाटाकडे, पाऊस कोसळतो. आपण पूर्वेला, पर्जन्यछायेत. पण कपडे न वाळायला धो धो पाऊस लागतच नाही. चार दिवस आभाळ भरून राहिले, झिमझिम लागली, वारा पडला की पुरे. त्यात आपल्या बाया कांद्याच्या लागवडीला, टोमॅटो तोडायला रानात जातात. संध्याकाळी साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली असते. ती आज धुवायलाच लागते आणि उद्या नेसायला लागते.

जुन्या घराला पडवी होती. पडवीत आडवे वलण बांधलेले असे. वरून पाऊस लागत नसे आणि बाजूने वारा खेळत असे. आता घरकुल आले. रमाई आवास योजनेतले घर २६९ चौरस फुटांचे. भिंती पक्क्या झाल्या, गळती थांबली, याचा आनंद आहेच. ते घर हक्काचे आहे. पण त्या २६९ फुटांत पडवी बसत नाही. महामार्गाच्या कडेला इमारती उभ्या राहिल्या, तिथे वन रूम किचनमध्ये आमच्यासारखी कुटुंबे राहतात. तिथे गॅलरीच नाही, आणि खिडकीबाहेर दोरी बांधली तर कपड्यावर ट्रकची धूळ बसते. पोटापाण्यासाठी पिंपरी-चिंचवडला, मुंबईला गेलेल्या आपल्या नातेवाइकांची तीच कथा. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांची खोली होती, पण दाराबाहेर लांबच लांब सामाईक व्हरांडा होता आणि तिथे सगळ्या मजल्याचे कपडे वाळत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी तिथल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. जागा तिपटीने वाढली, पण तो व्हरांडा गेला. टॉवरमध्ये राहायला गेलेल्या कुणालाही विचारा, "कपडे कुठे वाळत घालता?" आधी हसतील, मग सांगतील.

आणि जुन्नर तालुक्यात आणखी एक गोष्ट आहे, ती पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून कळत नाही. आपल्याकडे दिवस मावळल्यावर परसात कपडे काढायला जायचे म्हणजे बिबट्याचा विचार करून जावे लागते. उसाच्या कडेला घर असेल तर बाई जातच नाही. कपडे रात्रभर दवात राहतात.

तर आमच्या ड्रायरची हकिगत. सून बाळंतीण झाली, पावसाळा लागला, दिवसाला वीस-पंचवीस लंगोट. आमच्या आईच्या वेळी शेगडीवर दुरडी उपडी घालून तिच्यावर बाळाचे कपडे शेकत. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे किती घातक आहे हे आता आपल्याला ठाऊक आहे. त्या कोळशातून विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो आणि झोपलेले माणूस झोपेतच जाते. म्हणून शेगडी नको असे ठरले. मुलाने मोबाइलवरून घडीचा ड्रायर मागवला. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापडी खोळ आणि तळाशी गरम हवेचा पंखा, कपाटासारखा दिसतो. पहिल्या दिवशी दोन तासांत लंगोट वाळले आणि घरात सण झाला. सोमवारी बाजाराला आलेल्या बाया वर येऊन बघून गेल्या. "दाखवा की तुमचा डायर," असे म्हणत खोळीत हात घालून ऊब बघत होत्या.

मग आम्ही त्यात घरातले सगळेच कपडे घालू लागलो. पंधरा दिवसांत पलंगामागची भिंत काळी पडली. आधी ठिपके आले, मग चट्टे. गादी उचलली तर खालून ओलसर. कपाटातल्या कोरड्या साड्यांना वास लागला. बाळाला शिंका आणि खोकला सुरू झाला. एके दिवशी जळकट वास आला म्हणून पाहिले, तर एक्स्टेंशन बोर्डात खोचलेली पिन वितळून चिकटली होती. महिन्याचे बिल आले तेव्हा मुलगा काही बोलला नाही, पण खोळ घडी करून माळ्यावर टाकली.

यात यंत्राचा दोष नव्हता. पाणी कपड्यातून निघाले हे आम्ही पाहिले, ते गेले कुठे हे पाहिले नाही.

घरी वजनकाटा असेल तर करून पाहा. कोरडा सुती टॉवेल तोला, भिजवून हाताने घट्ट पिळा आणि पुन्हा तोला. वजन जवळपास दुप्पट भरेल. चार माणसांचे रोजचे कपडे कोरडे असताना दोन-अडीच किलो धरले, तर पिळून झाल्यावरही तुमच्या दोरीवर दोन-अडीच लिटर पाणी टांगलेले असते. आता आपली खोली घ्या. दहा बाय दहाची, दहा फूट उंच. एवढ्या खोलीतली हवा २५ अंश तापमानाला जास्तीत जास्त साधारण ६५० ग्रॅम पाण्याची वाफ धरू शकते. पावसाळ्यात त्यातला बहुतेक भाग आधीच भरलेला असतो. मग खिडकी लावून दोन लिटर पाणी तुम्ही त्या हवेत सोडले तर ते हवेत मावेलच कसे? ते गार भिंतीवर बसणार, गादीत मुरणार आणि ट्रंकेतल्या कागदपत्रांपर्यंत जाणार. जातीचा दाखलासुद्धा त्याच ट्रंकेत असतो.

पंख्याखाली कपडे वाळवले तरी हेच होते, फक्त सावकाश. म्हणून पंखा असो वा ड्रायर, पहिला नियम एकच: खिडकी उघडी. दोन समोरासमोरच्या खिडक्या असतील तर उत्तम, एकच असेल तर दार किलकिले. बाहेर पाऊस असताना खिडकी उघडी ठेवली तर ओल आत येईल असे आपल्याला वाटते. पण कपडे टांगलेल्या खोलीतली हवा बहुधा बाहेरच्या पावसाळी हवेपेक्षाही जास्त ओली असते. न्हाणीघरात किंवा स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा असेल तर कपडे त्याच्या जवळ टांगा. असा पंखा चाळीस-पन्नास वॅटचा असतो. आमचे मत विचाराल तर ड्रायरच्या आधी तो घ्यावा.

'ड्रायर' या एका शब्दाखाली आपल्याकडे निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात आणि फसगत तिथेच होते. वॉशिंग मशीनच्या दुसऱ्या डब्याला आपण ड्रायर म्हणतो. तो कपडे वाळवत नाही, जोरात फिरवून पाणी काढतो. नुसता तेवढाच डबाही वेगळा विकत मिळतो, त्याला स्पिनर म्हणतात. दुसरा आमच्यासारखा खोळीचा. तिसरा छोट्या पिंपाचा, भिंतीला अडकवता येणारा. त्यात कपडे गरम हवेत गोल फिरतात आणि मागे ओली हवा बाहेर नेणारी नळी असते. ती नळी खिडकीबाहेर काढलीच नाही, तर आमच्या घरी झाले तेच तुमच्या घरी होणार. वाफेचे पुन्हा पाणी करून टाकीत जमवणारी यंत्रेही आहेत, पण ती मोठी आणि महाग. आपल्या खोलीत आणि खिशात दोन्हीकडे मावत नाहीत.

यातला पहिला प्रकार, नुसता फिरवणारा, हा गरिबाचा खरा मित्र आहे. हाताने पिळलेल्या सुती कपड्यात त्याच्या वजनाइतके पाणी राहते, त्यातून काढल्यावर साधारण निम्मे. तीनशे वॅटचा स्पिनर पाच मिनिटे फिरवला तर युनिटाचा चाळिसावा भाग वीज जाते. तेच पाणी उष्णतेने उडवायचे म्हटले तर एका लिटरला, काहीही वाया न जाता, युनिटाचा जवळपास दोन तृतीयांश भाग लागतो. प्रत्यक्षात वाया जातेच, म्हणून त्याहून बरीच जास्त. आमचा हजार वॅटचा पंखा रोज तीन तास चालायचा, म्हणजे रोजची तीन युनिटे, महिन्याची नव्वद. घरगुती वीजबिलात शंभर युनिटांपर्यंतचा दर कमी असतो आणि त्यावरच्या युनिटांना बराच जास्त. दिवे, पंखे, टीव्ही, फ्रिज मिळून जे घर शंभराच्या आत राहते ते अशा ड्रायरने शंभराच्या पलीकडे जाते. बिलाच्या मागच्या बाजूला दर छापलेले असतात. ड्रायर मागवण्याआधी ते वाचा.

विजेबद्दल आणखी दोन गोष्टी, आणि या दोन्ही जिवावरच्या आहेत. गरम हवेचे यंत्र एक्स्टेंशन बोर्डावर चालवू नका, त्याच बोर्डावर फ्रिज असेल तर मुळीच नको. जाड पिनांच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर, अर्थिंग तपासून घेऊनच लावा. ते चालू ठेवून झोपू नका, कुलूप लावून बाजाराला जाऊ नका. दुसरी गोष्ट ड्रायरची नाही, वलणीची आहे. आपल्या वस्त्यांत कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधतात. तीच तार पत्र्याला, विजेच्या खांबाला किंवा मीटरकडे येणाऱ्या वायरजवळून नेलेली असते. पावसात वायरचे आवरण कुठे सोललेले असेल तर तारेत करंट उतरतो, आणि ओला कपडा टाकायला गेलेली बाई तिला चिकटते. तिला सोडवायला गेलेला माणूसही चिकटतो. दर पावसाळ्यात महाराष्ट्रात कुठे ना कुठे असे मृत्यू होतात. आजच तार काढा आणि नायलॉनची किंवा सुताची दोरी बांधा. विजेच्या खांबाला ती बांधू नका. या लेखातले दुसरे काही केले नाही तरी चालेल, हे मात्र करा.

आता त्वचेकडे येतो. वस्तीत फिरताना आम्ही पाहतो, मांडीच्या सांध्यात, कमरेला, काखेत गोल लाल चट्टे. कुणी नायटा म्हणते, कुणी गजकर्ण. पूर्वी पंधरा दिवस मलम लावले की जायचा. गेल्या दहा-बारा वर्षांत तो देशभर हट्टी झाला आहे. या बुरशीच्या एका प्रकाराला जपानमधल्या संशोधकांनी २०२० साली 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे नाव दिले. नावातच आपल्या देशाची खूण आहे. नायट्यावर सर्वांत जास्त दिले जाणारे औषध त्यातल्या अनेक रुग्णांवर लागू पडत नाही. याला एक मोठे कारण आपण स्वतः ओढवून घेतो. मेडिकलमधून "खाजेचं मलम द्या" म्हणून जी नळी आणतो, तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेले असते. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतून पसरते. २०१८ साली सरकारने स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी काउंटरवर काय चालते ते आपण रोज पाहतो.

दमट कपडा या बुरशीचे घर आहे. जीन्सची कमरेची पट्टी, बनियनची शिवण, परकराची नाडी जिथून जाते ती दुमड, या जागा सर्वांत शेवटी वाळतात. वरून कपडा वाळला असे वाटते आणि आपण घडी घालतो. म्हणून कपडे उलटे करून वाळत घाला. घडी घालण्याआधी शिवणीवर गालाचा स्पर्श करून पाहा. हाताला जे कळत नाही ते गालाला कळते. घरात एकाला नायटा असेल तर त्याचा टॉवेल, आतले कपडे आणि अंथरूण वेगळे ठेवा, कडकडीत गरम पाण्यात धुवा, आणि ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. सगळ्यांची तपासणी एकदम करा. एक बरा होतो आणि दुसऱ्याकडून पुन्हा घेतो, असे चक्र चालते. खाज थांबली म्हणून औषध मध्येच सोडू नका. आरोग्य केंद्रात जाऊन "लाज वाटते, दाखवत नाही" असे म्हणू नका.

लाजेवरून आठवले. पाळीचे कापड आपल्या बाया अजूनही दुसऱ्या कपड्याखाली, कपाटामागे, मोरीच्या कोपऱ्यात वाळवतात. घरात सगळ्यांत जास्त उन्हाची गरज ज्या कापडाला, तेच सगळ्यांत जास्त अंधारात. आम्ही घरात ठरवले की ते दोरीवर सगळ्यांसमोर वाळेल. पहिले दोन दिवस मुलगा दुसरीकडे पाहत होता. आता तोच पाऊस आला की पळत जाऊन काढून आणतो.

मुलांच्या छातीचा विषय याहून गंभीर आहे. घरातली ओल आणि बुरशी यांचा दमा, खोकला, श्वासाच्या त्रासाशी संबंध आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल शहरात आवाब इशाक नावाचे दोन वर्षांचे बाळ होते. आईबाप सुदानहून आलेले, एका गृहनिर्माण संस्थेच्या एका बेडरूमच्या भाड्याच्या घरात राहणारे. भिंतींना बुरशी होती. बापाने वारंवार तक्रार केली. दोष घराचा नसून तुमच्या राहण्याच्या पद्धतीचा आहे, असा त्या कुटुंबाकडे पाहण्याचा रोख होता. डिसेंबर २०२० मध्ये ते बाळ गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने स्पष्ट सांगितले की घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे श्वसनाचा आजार होऊन हा मृत्यू झाला. त्यानंतर २०२३ साली तिथे कायदा झाला. सामाजिक घरांच्या मालकांना ओल आणि बुरशीची तक्रार ठरावीक मुदतीत निवारावी लागेल, आणि त्या तरतुदीला आवाबचेच नाव पडले.

परदेशातली गोष्ट मुद्दाम सांगितली. घर दमट असते आणि बोट माणसाकडे दाखवले जाते, हे आपल्याला नवीन नाही. वर्गात त्या मुलाला विचारलेला प्रश्न त्याच जातीचा होता. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना स्वच्छ नेसण्याबद्दल सांगितले, २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत स्वच्छतेचा आग्रह धरला. आपल्या आज्या-पणज्यांनी तो शब्द पाळला. एकच लुगडे असले तरी ते धुतलेले असे. स्वच्छतेत आपण कमी पडलो नाही. कमी आहे ती जागा आणि ऊन. धुणे आपल्या हातात आहे, वाळवणे घराच्या बांधणीवर अवलंबून आहे. घर बांधताना ते कुणी मोजतच नाही.

तथागतांच्या काळात मात्र याचा विचार झालेला दिसतो. विनयपिटकात भिक्खूंच्या निवासात चीवर टाकायला बांबू आणि दोरी बांधण्याची मुभा आहे, चीवरवंस आणि चीवररज्जु असे त्यांना शब्दच आहेत. चीवर घामाने ओले झाले असेल तर थोडा वेळ उन्हात वाळवावे, पण उन्हातच टाकून ठेवू नये, अशीही सूचना आहे. आपल्या लेण्याद्रीच्या डोंगरात जे भिक्खू वर्षावासाला राहत असतील, त्यांनाही आषाढातले ओले चीवर वाळवण्याची काळजी असणारच.

मग ड्रायर घ्यावा का? आमचे मत असे. घरात तान्हे बाळ आहे, अंथरुणावरचे आजारी माणूस आहे, एखाद्याचा नायटा हटत नाही, आणि खिडकी नीट उघडते, वायरिंग पक्के आहे, तर खुशाल घ्या. ती चैन नाही. कुणी "आता ह्यांना ड्रायर पण पाहिजे" असे म्हटले तर म्हणू द्या. पण रोजच्या सगळ्या कपड्यांसाठी घेऊ नका. आम्ही आमचा माळ्यावरून खाली काढला आहे. आता तो खिडकीला चिकटून उभा असतो. आधी कपडे स्पिनरमधून काढतो, मग दिवसभर दोरीवर, आणि शेवटी फक्त बाळाचे कपडे, गणवेश आणि आतले कपडे अर्धा-पाऊण तास खोळीत. भिंत पुसून चुना लावला, पलंग भिंतीपासून वीतभर सरकवला. बिल पुन्हा शंभर युनिटांच्या आत आले.

स्पिनर घेण्याचीही ऐपत प्रत्येक घराची नसते, आणि प्रत्येक घराने घ्यायची गरजही नाही. पाच मिनिटांचे काम आहे. दहा घरांत एक पुरतो. महिला मंडळाच्या बचतीतून एक घ्या, विहाराच्या व्हरांड्यात ठेवा, विजेचे पैसे वाटून घ्या. विहारात कपडे पिळायचे का, असे विचारणारे एक-दोघे निघतीलच. त्यांना चीवररज्जु सांगा.

आणि एक मागणी आम्ही बेल्ह्यातून लिहून देत आहोत, तुम्हीही आपापल्या गावी द्या. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करावे लागतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना जिल्हा परिषदेमार्फत चालते. या पैशांतून रस्ता होतो, गटार होते, समाजमंदिर होते. ते सगळे हवेच. त्यात समाजमंदिराच्या गच्चीवर कपडे वाळवण्याची शेड का नसावी? वर उजेड येईल असा पारदर्शक पत्रा, चारही बाजू उघड्या, आत नायलॉनच्या दोऱ्या, जिन्यात दिवा. बिबट्याच्या भागात तो दिवा आणि गच्ची दोन्ही महत्त्वाचे. नव्या घरकुलांच्या नकाशात मागच्या दाराला तीन फुटांचे छप्पर आणि दोन हूक एवढे जरी मागितले तरी पडवीचे काम निम्मे होते.

अर्ज साध्या कागदावर चालतो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी द्या, पोच घ्या, आणि सभेला बाया जास्त संख्येने जा. मावशींना आम्ही अर्ज वाचून दाखवला. त्यांनी एवढेच विचारले, "दोऱ्या किती लांब?" वीस फुटांच्या सहा असे आम्ही लिहिले होते. त्यांनी आठ करायला लावल्या.